दहावीला रासायनिक समीकरणं शिकवताना सुरुवात कुठून करावी?

धायरीची ताई:
नमस्कार मंडळी. धायरीत आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये संध्याकाळी आसपासच्या मुलांचा अभ्यास घेते. दहावीची सगळी मराठी माध्यमाची आहेत. आता विज्ञान भाग १ मधला ‘रासायनिक अभिक्रिया व समीकरणे’ हा ३रा धडा घ्यायचाय. मुलं समीकरण दिसलं की नुसते आकडे कोंबत सुटतात. काल एकीने पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनच्या खाली २ लिहिला आणि ‘ताई, दोन्हीकडे जुळलं!’ म्हणून वही पुढे केली. जुळलं तर खरंच होतं. ‘खालचा अंक बदलायचा नसतो, नियम आहे’ एवढंच सांगून तिला गप्प करणं मला पटेना. प्रयोगशाळा नाही, एक टेबल, एक सिंक, बस. कुठून सुरुवात करू?

पेठेतले सर:
ताई, त्या मुलीला आधी शाबासकी द्या. अणू तिने बरोबर मोजलेत, फक्त पदार्थ बदलून टाकला. एच-टू-ओ-टू म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, जखमेवर घातल्यावर फेस येतो ते. मेडिकलमधून त्याची सीलबंद बाटली आणा, पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवा आणि तिलाच विचारा, तहान लागली तर यातली कोणती उघडशील? खालचा अंक पदार्थ कोणता ते सांगतो, पुढचा अंक त्याचे रेणू किती ते. मग नियम म्हणून काही सांगावं लागत नाही.

निवृत्त होईपर्यंत मी सदाशिव पेठेत हाच विषय शिकवला. माझं मत ठाम आहे: पहिल्या दिवशी फळ्यावर एकही सूत्र नको, टेबलावर वजनकाटा हवा. नववीत ‘द्रव्य अक्षय्यतेचा नियम’ पाठ झालेला असतो, पण वस्तुमान खरंच तेवढंच राहतं हे बहुतेक मुलांनी पाहिलेलं नसतं. न पाहता समीकरणाचं संतुलन (दोन्हीकडचे अणू जुळवणं) करायला लावलं की ते शब्दकोड्यासारखं होतं.

सोनारी कामाचा छोटा डिजिटल काटा घ्या, ०.१ ग्रॅम दाखवणारा. कोल्ड्रिंकची १ लिटरची रिकामी बाटली घ्या. साध्या पाण्याची नको, ती दाबाला कच्ची असते. त्यात ५० मिली व्हिनेगर. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या चिमुकल्या बाटलीत २ ग्रॅम खाण्याचा सोडा भरून ती दोरा बांधून आत उभी सोडा. सोडा यापेक्षा जास्त नको. झाकण घट्ट लावून वजन फळ्यावर लिहा. मग बाटली आडवी करा. फसफसणं थांबलं की बाटली हातात द्या. मघाशी दाबली जात होती, आता दगडासारखी लागते. पुन्हा काट्यावर ठेवा: आकडा तोच. आता झाकण सैल करा, ‘फुस्स’ होऊ द्या, आणि झाकणासकट पुन्हा ठेवा. अर्धा ग्रॅम तरी उतरतो. गेला कुठे, हे मुलं न विचारता सांगतात.

हा प्रयोग बरेच जण तोंडाला फुगा लावून करतात. वजनासाठी तो अजिबात वापरू नका. फुगलेला फुगा हवा बाजूला सारतो, हवेचं प्लावक बल त्याला वर उचलतं, आणि ४ ग्रॅम सोड्याला काटा ग्रॅमभर कमी दाखवतो. काहीच बाहेर गेलेलं नसताना वजन घटलेलं दिसलं, तर मुलांच्या डोक्यात नेमकं उलटं बसेल.

त्यानंतर शब्दांत समीकरण: सोडियम बायकार्बोनेट + ॲसेटिक आम्ल → सोडियम ॲसिटेट + पाणी + कार्बन डायऑक्साइड. दोन-तीन दिवस शब्दांवरच राहा, घाई नको. सूत्रांकडे वळाल तेव्हा भिजवलेले वाटाणे, राजमा आणि टूथपिक द्या. वाटाणा हायड्रोजन, राजमा ऑक्सिजन. ऑक्सिजनचा एक रेणू मोडला की दोन राजमे हाती येतात, एका पाण्यात एकच लागतो, दुसरा उरतो. मग हायड्रोजनचा आणखी एक रेणू मुलं स्वतःच मागतात. तो पुढचा २.

कुरकुंभवाला:
सरांना अनुमोदन. मी कुरकुंभ एमआयडीसीत केमिकल प्लँटवर आहे. बॅच घेण्याआधी कच्चा माल किती लागेल, वायू किती निघेल, हा हिशोब संतुलित समीकरणावरूनच होतो. ८४ ग्रॅम सोड्यातून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, आणि ८४ किलोतून ४४ किलो. पुढचा आकडा चुकला तर टाकीतला दाब चुकतो. मुलांना हे जरूर सांगा.
आणि चुनकळीवर पाणी टाकून दाखवायचा मोह टाळा. उकळतं, उडतं, डोळ्याला इजा होते.

दोन दहावीवाल्यांची आई:
ताई, तुमच्याकडे टँकरचं पाणी असेल तर गीझरच्या कॉइलवर क्षारांचा पांढरा थर असणारच. प्लंबरकडून जुनी कॉइल मागून घ्या. पाणी तापलं की त्यात विरघळलेलं कॅल्शिअम बायकार्बोनेट मोडून कॅल्शिअम कार्बोनेट बसतं, म्हणजे अपघटन. त्या थरावर व्हिनेगर टाकलं की बुडबुडे. आमच्या मुलांना अपघटन त्या कॉइलवरून जे कळलं ते विसरलं नाहीत.

धायरीची ताई:
सर, काटा आजच बघते. विस्थापनासाठी, म्हणजे एका धातूने दुसऱ्याची जागा घेणं दाखवायला, मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि खिळा करू का? मोरचूद मिळेल कुठे?

पेठेतले सर:
जरूर करा. शेतीच्या औषधांच्या दुकानात मिळतं. द्राक्षवाले चुन्याबरोबर त्याचं बोर्डो मिश्रण करून फवारतात. विषारी आहे, म्हणून खडे तुम्हीच विरघळवा, मुलांनी हात लावायचा नाही, आणि प्लास्टिकचा पेला नंतर फेकून द्या. खिळा साधा लोखंडी, पॉलिश पेपरने घासलेला. जस्ताचा मुलामा असलेला नको. द्रावण फिकं ठेवलंत तर निळा रंग हिरवटाकडे जाताना नीट दिसतो, आणि खिळ्यावर तांबूस थर चढतो. उरलेलं पाणी लगेच सिंकमध्ये ओतू नका. त्यात आणखी खिळे टाकून ठेवा, आणि निळेपणा पूर्ण गेल्यावर मुलांना विचारा की तांबं कुठे गेलं आणि पाण्यात आता काय आहे. उत्तर त्यांना आधी शब्दांतच लिहू द्या.