मदत हवी आहे: कोऱ्या फॉर्मवर सही केली, आता काय?

घाईतला: आईचं परवा सकाळी ऑपरेशन. आज नर्सने तीन कागदांवर माझ्या सह्या घेतल्या, मजकूर काहीच भरलेला नाही. "सगळ्यांचे असेच घेतो" म्हणाली. सही परत घेता येते का? लवकर सांगा.

रेवा: कसलं ऑपरेशन? आणि आईंऐवजी तुमची सही का? त्या शुद्धीवर नाहीत?

घाईतला: शेजारच्या खाटेवरच्या बाईंना पुरणपोळीची रेसिपी सांगतेय! पित्ताशयातले खडे, दुर्बिणीतून. मुलगा आहे, मीच सही करणार ना?

पक्षकार: तिथेच चुकलं. पेशंट सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर संमती त्याचीच. समीरा कोहली खटला वाचा, सर्वोच्च न्यायालय, २००८. बाईंची संमती दुर्बिणीतून तपासणीपुरती. त्या भुलीखाली असताना त्यांच्या आईची सही घेऊन गर्भाशय, अंडाशय काढले. जिवावरचं काही नव्हतं, म्हणून ती संमती कोर्टाने मानली नाही.

ठसका: भरपाई किती तेही सांगा की. २५ हजार! ऑपरेशन १९९५ चं.

पक्षकार: रक्कम नाही, तत्त्व बघा.

ठसका: तत्त्वाने बिल भागत नाही.

गावरान: मुळात खड्यांना ऑपरेशन कशाला? सफरचंदाचा रस, मग लिंबू आणि ऑलिव्ह तेल. माझ्या साडूचे हिरवे खडे पडले, डोळ्यांनी पाहिलेत.

भूलतज्ज्ञ_ताई: ते खडे नव्हेत, तेलाचा पोटात झालेला साबण. घाईतला, संमती ऑपरेशनआधी कधीही मागे घेता येते. कोरे कागद रद्द करून मागा. भुलीचा फॉर्म वेगळा असतो, तोही वाचा. आणि "गरज पडल्यास पोट उघडून" ही ओळ आहे का बघा. दुर्बिणीतून सुरू केलेलं कधी कधी उघडून पुरं करावं लागतं. ते आईंना आधीच समजावलेलं हवं.

साठीशांत: कॅशलेस आहे का? खोलीच्या भाड्याची मर्यादा तपासा, आम्ही तिथे फसलो.

रेवा: काका, तो प्रश्नच नाहीये.

घाईतला: सर्जन राउंडला आले तेव्हा बोललो. जरा चिडले, पण कोरे कागद फाडले आणि मराठी फॉर्म दिला. ती ओळ होती. आईने दोनदा वाचून घेतली, टाके किती पडतील विचारलं आणि सही केली. मग माझ्याकडे वळून, "माझ्या पोटावर तू कशाला सही केलीस रे?"

साठीशांत: कॅशलेसचं मात्र सांगितलं नाहीत.