मदत हवी आहे: सासऱ्यांच्या पेन्शनवरच्या अडवलेल्या महागाई भत्त्याचं काय?

भांडुपची_सून: कोणीतरी पटकन सांगा, कोरोनात सरकारने अडवलेली ती १८ महिन्यांची महागाई मिळणार का? सासरे रोज दुपारी दुधाच्या बिलामागे हिशोब मांडतात, कधी १६,८०० येतात कधी भलतंच, आणि चिडतात माझ्यावर. पेन्शन १५ हजार आहे. अर्ज कुठे करायचा तेवढंच हवंय.

मुलुंडआजोबा: केंद्र की राज्य? रिटायर कधी? १५ मूळ की काही भाग विकून, म्हणजे एकरकमी पैसे घेऊन, उरलेली?

भांडुपची_सून: केंद्र. मे २०२०, ऐन लॉकडाऊनमध्ये, सेंड ऑफ पण नाही. विकून उरलेली, मूळ २५.

लोकल८_१२: विसरा. जानेवारी २०२० पासूनचे तीन हप्ते गोठवले, जुलै २०२१ ला १७ वरून डायरेक्ट २८ टक्के, मधली थकबाकी नाही असं संसदेत सांगून झालंय.

दादरचा_पेन्शनर: विसरा काय विसरा? हक्काचे पैसे आहेत. मी दर महिन्याला पत्र टाकतो.

लोकल८_१२: उत्तर आलं का एकाचं तरी?

गिरणगाव: तुमची गोठली तरी, आम्हा ईपीएसवाल्यांना, म्हणजे पीएफच्या पेन्शनवाल्यांना, महागाईच नाही. २०१४ पासून कमीत कमी पेन्शन १००० वर अडकलीय, त्यात काय भागतं?

चाळकरी: हयातीचा दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवून होतो हं, बँकेत रांग लावू नका.

भांडुपची_सून: दाखल्याचं कोणी विचारलंय??

मुलुंडआजोबा: सूनबाई, महागाई मूळ २५ वर लागते, विकलेला भाग धरून. सासरे १५ वर काढतात म्हणून १६,८०० येतात. १७ च्या वरचे न मिळालेले जून २०२० चे ४ टक्के, पुढे सहा महिने ७, मग सहा महिने ११, एकूण २८ हजार बुडाले. ते आता सोडा, ग्रॅच्युइटी कितीवर काढली ते बघा. ७ सप्टेंबर २०२१ चा आदेश आहे, त्या काळात रिटायर झालेल्यांची ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे वाढीव महागाई धरून द्यायचे. यांना १७ ऐवजी २१. शेवटचा बेसिक ५०, सर्व्हिस ३३ वर्षं, रजा ३०० दिवस असेल तर ग्रॅच्युइटीचे ३३ अधिक रजेचे २०, म्हणजे ५३ हजारांचा फरक.

दादरचा_पेन्शनर: हे मला माहीत होतं.

लोकल८_१२: मग आधी का नाही सांगितलंत?

भांडुपची_सून: ट्रंकेतून कागद काढला, १७ च आहे! बँकेत जाऊ का?

मुलुंडआजोबा: बँकेत नको, जिथून रिटायर झाले त्या ऑफिसला लिहा, आदेशाची तारीख टाकून. नंतर सुधारित कागद आला नव्हता ना?

भांडुपची_सून: विचारलं. म्हणतायत काहीतरी आलं होतं, वाचलं नाही. पासबुक शोधतेय.