तिसरी-चौथीच्या मुलांना इंग्रजीतलं कॅपिटल आणि पूर्णविराम कसे शिकवू? मदत हवी आहे

नमस्कार. मी गोव्यात, पेडणे तालुक्यात मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवते. तिसरी आणि चौथी एकाच वर्गात बसतात, मिळून सतरा मुलं. घरी कोंकणी, शाळेत मराठी, इंग्रजी एक विषय. वाचन बरं आहे. अडतं ते लिहिताना.

परवा ‘माय काऊ’वर पाच वाक्यं लिहायला दिली. एका मुलीची वही आत्ता समोर आहे. चाररेघी वहीत मोत्यासारखं अक्षर, पण पाचही वाक्यं एका दमात, मध्ये टिंब नाही. गाईचं नाव कपिला, त्यातला के स्मॉल. आणि काऊचा सी दर वेळी कॅपिटल. का गं, विचारलं तर म्हणाली, “टीचर, आमची गाय व्हड न्हय?” (मोठी नाही का?) मला उत्तर सुचेना. पहिलीत आम्हीच ‘मोठी एबीसीडी, लहान एबीसीडी’ म्हणून शिकवतो. तिने तो शब्द मनापासून ऐकला होता. त्या दिवसापासून मी वर्गात मोठी-लहान म्हणणं सोडलं, कॅपिटल-स्मॉलच म्हणते.

आपल्या लिपीत हा भेदच नाही. शेवंती फूल असो की मुलगी, ‘शे’ तोच. सोमवार, जून, गोवा यांनाही वेगळं अक्षर लागत नाही. ‘मी’साठीचा आय वाक्याच्या मधोमधही कॅपिटल का, हे मुलांना पटतच नाही. शिवाय सी, ओ, एस, व्ही, डब्ल्यू, एक्स, झेड यांचा आकार एकच, फरक फक्त उंचीचा. काही जण बी आणि डी मुद्दाम कॅपिटल काढतात, कारण स्मॉलमध्ये पोट कुठल्या बाजूला ते आठवत नाही. त्यात म्हापशाच्या बसची पाटी रोज डोळ्यांसमोर, ती पूर्ण कॅपिटलमध्ये!

नियम विचारले की घडाघड म्हणतात. वहीत उतरत नाहीत. सगळ्या चुका लाल शाईने दाखवल्या तर ही मुलं लिहायचीच थांबतील, अशी भीती वाटते. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद (फोंडा, बावीस वर्षं प्राथमिकला):
बाई, कॅपिटल थोडं बाजूला ठेवा, आधी वाक्याचा शेवट पक्का करा. मराठीत आणि कोंकणीत क्रियापद शेवटी येतं. ‘आमची गाय दूध देते’ म्हटलं की ‘देते’वर कानालाच कळतं, संपलं. इंग्रजीत ‘गिव्ह्ज’ मध्येच येतो आणि ‘मिल्क’ शेवटी, म्हणून मुलांना थांबा सापडत नाही. मी मुलांकडून त्यांचंच लिखाण मोठ्याने वाचून घेते. जिथे एक गोष्ट सांगून झाली तिथे टाळी, आणि टाळीच्या जागी टिंब. टिंबानंतरचं अक्षर कॅपिटल, हा एकच नियम पंधरा दिवस. बाकीच्या चुकांना हात लावायचा नाही. विशेषनामं त्यानंतर, आणि तीही हजेरीपटावरून. स्वतःचं नाव कुणाला चुकीचं लिहिलेलं आवडत नाही.

विरामचिन्हं आपल्याकडेही जुनी नाहीत. मोडी लिपीत ती नव्हतीच. छापील मराठीत ती रुळवण्यात एकोणिसाव्या शतकातले इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडी यांचा मोठा हात होता. मुलांना हे सांगते, म्हणजे आपल्याच डोक्यात शिरत नाही असं त्यांना वाटत नाही.

धागाकर्ती:
क्रियापदाचं हे लक्षातच आलं नव्हतं, मनापासून आभार. आज मधल्या सुट्टीनंतर टाळी करून पाहिली. गायवालीने चार ठिकाणी टाळी बरोबर वाजवली. पाचव्या वेळी अडली, कारण तिथे तिने ‘अँड’ घालून दोन वाक्यं जोडली होती. ते मी चालवून घेतलं.

स्वल्पविरामासाठी मला गणेश चतुर्थीची माटोळी (गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतात ती) उपयोगी पडली. नारळ, सुपारी, केळी, काकडी, चिबूड अशी यादी सांगायला लावली. आधी प्रत्येक वस्तूनंतर ‘अँड’ येत होता. मराठीत आपण ‘आणि’ फक्त शेवटच्या वस्तूआधी म्हणतो, हे त्यांनीच शोधलं आणि मग स्वल्पविराम आपसूक आले.

आता एकच विचारते. चौथीच्या मुलांना संवाद लिहायला फार आवडतं. त्यांना अवतरणचिन्हं याच वर्षी द्यावीत, की आधी टिंब आणि प्रश्नचिन्ह हातात बसू द्यावं? कुणी दिली असतील तर कशी दिली, ते सांगा.