उत्तर : दाण्याची ॲलर्जी आणि क्रूझ

मुलीला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे, मुंबईहून क्रूझला न्यावं का, असा प्रश्न होता. वर एकांनी 'सेट्रिझिन जवळ ठेवा, पुरे' असं लिहिलंय. तेवढं मात्र पटलं नाही. त्या गोळीने खाज, पित्त उठणं कमी होतं. घसा सुजला, रक्तदाब पडला तर उपयोग ॲड्रेनलिनच्या इंजेक्शनचाच. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत द्यायचं आणि मुलीला आडवं ठेवायचं. धाप लागली असेल तर बसू द्यावं. फरक पडला नाही तर 5 ते 15 मिनिटांत दुसरा डोस लागू शकतो, म्हणून दोन हवेतच.

त्याचं पेनसारखं, डोस आधीच भरलेलं इंजेक्शन आपल्याकडे सहज मिळत नाही. माझ्या मुलासाठी बेळगावातल्या डॉक्टरांनी ॲम्प्यूल (औषधाची काचेची कुपी) आणि सिरिंज दिली, वजनानुसार डोस लिहून दिला, भरायलाही शिकवलं. सोबत चिठ्ठी ठेवा. सुरक्षा तपासणीत विचारतात. हे सगळं खांद्याच्या पिशवीत. मोठं सामान बोर्डिंगला घेतात आणि खोलीत पोचायला तासन्‌तास जातात.

बुफे टाळाच. एकच डाव सगळ्या भांड्यांत फिरतो. बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा, चढल्यावर हेड वेटरला भेटून उद्याचं जेवण आजच ठरवा.

खरं सांगू? जहाजापेक्षा आपल्याच घरी जास्त भीती वाटते. कोशिंबिरीत कूट, भाजीत कूट, वर शेंगापोळी! आणि आत्या म्हणणार, 'थोडंसं खाल्लं तर काय होतंय गा?'