अनुभव धागा : बर्लिनचे खासदार हान्स-क्रिस्टियान श्ट्रोबेले

जर्मनीत राहणाऱ्या, राहून आलेल्या मंडळींनी इथे जरूर लिहा. ग्रीन पक्षाचे खासदार श्ट्रोबेले (१९३९-२०२२) यांना कुणी पाहिलं-ऐकलं असेल, त्यांच्या मतदारसंघात कुणी राहिलं असेल, तर सविस्तर सांगा. टीकाही येऊ द्या. सुरुवात मीच करते.

२००९च्या निवडणुकीत मी बर्लिनच्या क्रॉयत्सबर्ग भागात, म्हणजे त्यांच्याच मतदारसंघात, भाड्याने राहत होते. घरमालकीण आजी पक्क्या सोशल डेमोक्रॅट. तिथे प्रत्येकाला दोन मतं असतात, एक मतदारसंघातल्या उमेदवाराला, दुसरं पक्षाच्या यादीला. आजी यादीचं मत आपल्या पक्षाला देत आणि पहिलं श्ट्रोबेलेंना. २००२ साली त्यांच्याच पक्षाने त्यांना यादीत खात्रीची जागा दिली नव्हती. मग ते केवळ मतदारसंघाच्या भरवशावर लढले आणि जिंकले. थेट निवडून आलेले ग्रीन पक्षाचे ते पहिले खासदार. पुढे आणखी तीनदा तिथूनच आले.

*

मी त्यांना एकदाच पाहिलं. सिग्नलला सायकलवर थांबले होते, गळ्यात लाल मफलर. सोबत ना पोलीस, ना कार्यकर्ते. खासदार असा दिसू शकतो याचं मला फार अप्रूप वाटलं.

*

मी म्युनिकला नेटवर्क सुरक्षेत होतो. ऑक्टोबर २०१३मध्ये तेव्हाच्या चॅन्सलर (सरकारप्रमुख) मेर्केलबाईंच्या मोबाइलवर अमेरिकेची पाळत असल्याची बातमी फुटली आणि ऑफिसात दुसरा विषयच उरला नाही. पुढारी निषेध नोंदवत होते. ७४ वर्षांचे श्ट्रोबेले मात्र ३१ तारखेला थेट मॉस्कोत, अमेरिकेच्या पाळतीची गुपितं फोडणाऱ्या एडवर्ड स्नोडेनला भेटले आणि त्याचं पत्र घेऊन दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये पत्रकारांसमोर बसले! गुप्तचर खात्यांवर देखरेख ठेवणाऱ्या संसदीय समितीत ते बरीच वर्षं होते, म्हणजे बोलत होते ते माहितीच्या बळावर. स्नोडेनला जर्मनीत आणून साक्ष घ्या, ही त्यांची मागणी सरकारने मानली नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

*

कौतुक वाचलं, पण माझं मत वेगळं आहे. सत्तरच्या दशकात ते आरएएफ या सशस्त्र अतिरेकी गटाच्या आरोपींचे वकील होते. कैद्यांमधला निरोपांचा व्यवहार चालू ठेवल्याबद्दल १९८२मध्ये त्यांना दहा महिन्यांची निलंबित शिक्षा झाली. १९९१च्या आखाती युद्धात इस्राएलवर क्षेपणास्त्रं पडत असताना त्यांनी त्याचा दोष इस्राएलच्याच धोरणावर ठेवला आणि पक्षाचं प्रवक्तेपद गमावलं. माझ्या जर्मन सासऱ्यांनी हे कधीच माफ केलं नाही. मलाही ते पटतं.

*

मी पुण्यात कायदा शिकवते. पक्षांतरबंदीचा विषय आला की १६ नोव्हेंबर २००१चं मतदान सांगते. चॅन्सलर श्र्योडर यांनी अफगाणिस्तान मोहिमेचा ठराव आणि विश्वासदर्शक ठराव एकत्र बांधला. सरकार दोन मतांनी तरलं. सत्ताधारी आघाडीत असूनही श्ट्रोबेलेंनी विरोधात मत दिलं आणि त्यांची खासदारकी शाबूत राहिली, कारण तिथल्या राज्यघटनेच्या ३८व्या कलमानुसार खासदार फक्त आपल्या सदसद्विवेकाला बांधील असतो. आपल्याकडे व्हिप मोडला की राज्यघटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा लागतो आणि खासदारकी जाऊ शकते. वर्गात यावर दरवर्षी जोरदार भांडण होतं. मी अर्थातच श्ट्रोबेलेंच्या बाजूने असते.