टपालाची विमानं नेमकी कशाने पडायची?

कृष्णाकाठ, सांगली
शाळेतल्या मुलांसाठी टपाल तिकिटांचं प्रदर्शन लावतोय. सुरुवातीच्या लांब पल्ल्याच्या हवाई टपालावर एक फलक आहे. त्यात 'इंजिन बंद पडून अपघात होत' एवढंच लिहिलंय. १५ ऑक्टोबर १९३२ ला टाटांची कराची-अहमदाबाद-मुंबई-बळ्ळारी-मद्रास सेवा सुरू झाली. त्या सेवेच्या पस मॉथ या हलक्या विमानाला धोका खरंच इंजिनाचा होता का? दुसरं, समुद्रात पडलेल्या टपालातलं एक पाकीट मांडायला मिळतंय. त्यावर तिकीटच नाही. अस्सल कसं ओळखायचं?

घाटमाथा, सातारा
ते वाक्य खोडा. पस मॉथच्या जिप्सी इंजिनाला दोन मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीसाठी वीज देणारी यंत्रं, असायचे. एक गेला तरी दुसऱ्यावर चालतं. बंद पडलंच, तर हलकं विमान तरंगत जाऊन एखाद्या माळावर टेकतं. घात व्हायचा तो खालची जमीन दिसेनाशी झाली की.

नकाशावर जुहू (मुंबईचा विमानतळ) ते बळ्ळारी पट्टी ठेवून बघा. रेघ वाई, कोरेगाव, विटा, जत यांच्या जवळून जाते. अंतर सुमारे ६१० किमी, ताशी १६० किमीने जवळपास चार तास. रेडिओ नाही. नैर्ऋत्येचा वारा ताशी ३० किमी असेल आणि तो हिशोबात धरला नाही, तर कोरेगाव यायच्या वेळेला खाली फलटण येतं! उपाय साधा: नाक ११ अंश वाऱ्याकडे वळवायचं. पण वारा किती हे कळणार कशावरून? धुरावरून, धुळीवरून, पुणे-मिरज रूळ ठरल्या वेळी ओलांडले का यावरून. ढगात यातलं काहीच दिसत नाही.

मग वैमानिक जमीन शोधायला खाली येतो. उंचीमापक हवेच्या दाबावर चालतो. वाटेत दाब ८ मिलिबारने उतरला, तर काटा खऱ्यापेक्षा ७० मीटर जास्त दाखवतो. महाबळेश्वरचं पठार १३०० मीटरच्या वर आहे, तिथे ७० मीटर म्हणजे जिवाशी गाठ. शिवाय ढगात कानातला तोल फसवतो. विमान हळूहळू कलत गोल फिरत खाली जात असतं आणि बसलेल्याला वाटतं, आपण सरळच चाललोय.

पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं, तेव्हा विमानं पुण्याहून उडत.

नांगरदोर
घाटमाथा, जमिनीपुरतं मान्य. समुद्रावर माळ कुठून आणणार? हिंदुस्थानचं टपाल नेणारी, इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीची उडती नौका (पाण्यावर उतरणारं विमान) 'सिटी ऑफ रोम' २६ ऑक्टोबर १९२९ ला इटलीच्या स्पेझियाजवळ वादळात पाण्यावर उतरली. ओढून नेताना रात्रीच बुडाली, सातही जण गेले. ३१ डिसेंबर १९३५ ला तशीच 'सिटी ऑफ खार्टूम' अलेक्झांड्रियाच्या तोंडाशी आली आणि तिन्ही इंजिनं बंद पडली. पेट्रोल संपलं होतं. १३ पैकी १२ जण गेले.

इंजिन थांबतं ते बहुधा इंधनामुळे, यंत्र मोडून नव्हे. अहमदाबादला पेट्रोल ४ गॅलनच्या डब्यांत बैलगाडीवरून यायचं. डब्यात पाण्याचा थेंब असतोच, म्हणून नरसाळ्यात शामवाचं (शॅमॉय, मऊ कमावलेलं) कातडं घालून गाळायचं. त्यातून पेट्रोल जातं, पाणी वर राहतं. आणखी एक, कार्ब्युरेटरमधला, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळणाऱ्या भागातला, बर्फ. पेट्रोलची वाफ होताना आतली हवा २० अंशांहून जास्त थंड होऊ शकते, त्यामुळे बाहेर २० अंश असलं तरी दमट हवेत आत बर्फ धरतो. इंजिनाचे फेरे हळूहळू उतरतात, आणि नवखा माणूस इंजिनच खराब म्हणतो.

जुनं पाकीट
पाकिटाबद्दल सांगतो. जुना डिंक पाण्यात सुटतो, म्हणून तिकीट नसणं हाच उलट पुरावा असू शकतो. भिंग घ्या आणि शिक्क्याकडे बघा. शिक्क्याची शाई तेलकट, ती सहसा टिकते. अर्धा शिक्का तिकिटावर, अर्धा कागदावर पडलेला असेल, तर तिकिटाच्या कडेला गोल एकदम सरळ रेषेत तुटलेला दिसेल. तिकिटाच्या जागेचा चौकोन फिका आणि त्यावर शिक्क्याचा मागमूस नाही. चौकोनातूनच शिक्का सलग गेला असेल तर तिथे तिकीट नव्हतंच. तसं पाकीट ठेवू नका. हाताने लिहिलेला पत्ता पसरलेला असणार, कारण दौतीची शाई पाण्यात विरघळते. पाणी लागल्याचा खुलासा देणारा टपाल खात्याचा शिक्का असेल तर उत्तमच, पण खोटे शिक्केही फिरतात. त्याची शाई डागाच्या वर आहे की डागाखाली पसरलीय ते तपासा, वरच हवी.

आणि डाग धुऊ नका राव, त्याच्यावरच सगळी किंमत आहे. प्लास्टिकच्या पाकिटात घालायचं तर पीव्हीसी नको, पॉलिएस्टरचं घ्या.

कृष्णाकाठ, सांगली
भिंगाखाली बघितलं. गोल सरळ तुटलाय, खुलाशाचा शिक्का नाही. फलकावर आता आधी ढग, मग पेट्रोल.