अनुभव धागा: सोसायटीचं पार्किंग, फाटकापुढचा रॅम्प आणि कागदपत्रं

फ्लॅट घेताना पार्किंगबद्दल बिल्डर काय बोलला होता आणि ताबा मिळाल्यावर काय निघालं? बंगलेवाल्यांनी फाटकाबाहेरच्या उताराचं लिहावं. महाराष्ट्रातलेच अनुभव हवेत. भांडणं सांगा, पण कुठला नियम लागू पडला तेही सांगा.

*

रिसेलचा फ्लॅट. आधीच्या मालकांनी स्टिल्टमधल्या (इमारतीखाली खांबांमध्ये मोकळ्या ठेवलेल्या) जागेचे बिल्डरला वेगळे पैसे मोजले होते, पावतीही होती. कमिटी म्हणाली, पावती फ्रेम करून लावा, जागा सोसायटीची आहे. मी तावातावाने वकिलांकडे गेलो. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी हा निकालच पुढ्यात ठेवला. मोफा म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्याखाली स्टिल्ट पार्किंग हा इमारतीचा सामाईक भाग. फ्लॅटसारखं ते सुटं विकता येत नाही. आता तीच जागा माझ्याकडे आहे, पण वाटपाच्या यादीतली म्हणून. पैसे गेले ते आधीच्या मालकांचे, पण फ्लॅटच्या किमतीत त्यांनी ते माझ्याकडून वसूल केले असणारच!

*

माजी सेक्रेटरी बोलतोय. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) गाड्या जास्त आणि जागा कमी असल्या की दरवर्षी चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याच्याकडे गाडी नाही त्याला जागा नाही. कंपनीने दिलेली गाडी चालते. आम्ही आरसी बुक मागितलं, तर एका काकांनी जावयाचं आणून दाखवलं. त्यांच्या जागेत जुनं कपाट आणि दोन सायकली होत्या. काकूंनीच सभेत सांगून टाकलं, "अहो, जावई नागपूरला असतात, गाडी पण तिकडेच."

सभा तिथेच संपली म्हणायची.

*

नवा प्रकल्प, रेरा (बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) नोंदणीचा. खुलं पार्किंग रेराखाली सामाईक क्षेत्रात येतं, ते विकता येत नाही, म्हणून आम्हाला कव्हर्ड दिलं. विकास नियमावलीत कारसाठी अडीच बाय पाच मीटर लिहिलंय. आमच्या चौकोनात एका कोपऱ्यात खांब आहे. गाडी आत जाते, पण ड्रायव्हरने खिडकीतून उतरायचं का? २०२४ मध्ये महारेराने, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि ठिकाण करारनाम्याच्या जोडपत्रात द्यायला लावलं. माझा करार त्याआधीचा. आता बुकिंग करणाऱ्यांनी ते जोडपत्र हातात घेऊन, टेप लावून मोजून बघा. बीमखालची उंचीसुद्धा.

*

आमचा बंगला. दरवेळी जुन्यावरच नवं डांबर टाकून रस्ता वर आला, मग बाबांनी फाटकाबाहेर सिमेंटचा रॅम्प घातला, थेट फुटपाथवर आणि गटारावर. आजूबाजूला सगळ्यांचेच होते. पावसाळ्याआधी गटार साफ करायला आलेल्यांना झाकण उघडता येईना, तेव्हा नोटीस आली. कंपाउंडबाहेरची जमीन पालिकेची, तिथे विनापरवानगी बांधकाम म्हणजे अतिक्रमण. आम्ही उतार फाटकाच्या आत घेतला. त्यात बागेचा तुकडा गेला, आईची जास्वंद त्यातच होती. शेजाऱ्यांनी गटारावर काढता येणारी लोखंडी जाळी टाकायची रीतसर परवानगी मागितली, त्यांचं काम जास्त शहाणपणाचं झालं.

*

फाटकावर 'नो पार्किंग, हवा सोडली जाईल' अशी पाटी लावणाऱ्यांसाठी: ट्रॅफिक पोलिसांनीच सांगितलं की घरगुती पाटीला कायद्यात काही किंमत नाही, आणि खरंच हवा सोडलीत तर तक्रार तुमच्यावर. मात्र कुणाच्या येण्याजाण्याच्या वाटेत गाडी आडवी लावणं पाटी नसली तरी नियमबाह्यच. नंबरप्लेटसकट फोटो काढा आणि वाहतूक शाखेला फोन लावा. टोइंगची गाडी लगेच येईलच असं मात्र नाही.